दाराची नवी किल्ली

प्रस्तावना

कुलूप आणि किल्ली ही जोडी माणसाच्या फार जुन्या परिचयाची आहे. किल्लीचे दाते कुलपाच्या आतील खाचांशी जुळले, की दार उघडते. कुलपाला घराचा मालक ओळखता येत नाही. त्याला ओळखता येतो तो केवळ धातूचा एक आकार. तो आकार ज्याच्या हाती, त्याला दार खुले.

गेल्या काही दशकांत या किल्लीच्या जागी एक पातळ कार्ड आले. जून २०१५ मध्ये चेन्नईत कोयंबेडु ते आलंदूर या मार्गावर मेट्रो धावू लागली, तेव्हा प्रवाशाने कार्ड जवळ नेताच स्थानकावरील फाटक बाजूला होऊ लागले. त्याच वर्षी जुलै महिन्यापासून चेन्नई-बंगळूर महामार्गावरील पथकर नाक्यांवर फास्टॅग स्वीकारला जाऊ लागला. कार्यालयात शिरताना गळ्यातील ओळखपत्र भिंतीवरील पेटीला दाखवतात, तेही याच कुळातले. या तंत्राला आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींच्या साहाय्याने ओळख पटविण्याचे तंत्र, असे म्हणतात.

प्रस्तुत पाठात या तंत्राचा एक घरगुती उपयोग आपण पाहणार आहोत. घरातील मोटार ठेवण्याच्या खोलीचे दार विजेच्या मोटरने उघडते. त्या दाराला कार्ड ओळखणारा रीडर कसा जोडतात, हा पाठाचा विषय आहे. जोडणी करताना तारा कोठे लावायच्या हे तर समजून घ्यायचेच. परंतु रीडर कोठे असावा आणि दार उघडण्याचा निर्णय कोणी घ्यावा, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. २३० व्होल्टच्या विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. येथे ज्या तारांचा विचार केला आहे त्या कमी दाबाच्या आहेत.

गॅरेज, शटर आणि फाटक

मराठीत ‘गॅरेज’ हा शब्द उच्चारला, की मोटारदुरुस्तीचे दुकान डोळ्यांपुढे येते. येथे त्याचा अर्थ घरातील मोटार ठेवण्याची बंदिस्त जागा, एवढाच घ्यावयाचा आहे. अमेरिकेत अशा जागेचे दार आडव्या फळ्यांचे असते व ते छताखाली सरकत जाते. ते उघडणारी विजेची मोटर तेथे १९२६ पासून वापरात आहे. आपल्याकडे असे दार क्वचित दिसते. चेन्नईतील अड्यार किंवा बेझंट नगर भागातील बंगल्यांना बहुधा गुंडाळले जाणारे लोखंडी शटर असते, नाहीतर रुळावरून सरकणारे फाटक असते. या तिन्ही प्रकारांत मोटर वेगवेगळी बसते. पण मोटरला आज्ञा देणारी नियंत्रण पेटी साधारणतः सारखीच असते, आणि रीडरचा संबंध येतो तो या पेटीशी.

मात्र एक अपवाद ध्यानात ठेवावा. काही साध्या शटरांना नियंत्रण पेटीच नसते. भिंतीवरील बटणातून २३० व्होल्टची वीज थेट मोटरकडे जाते, एका तारेने शटर वर व दुसऱ्या तारेने खाली. अशा तारांना रीडरचा लहानसा खटका कदापि जोडू नये. तो जळेल, आणि जोडणाऱ्याच्या जिवावरही बेतेल. आधी नियंत्रण पेटी बसवावी, मगच रीडरचा विचार करावा.

कार्ड बोलते कसे?

कार्डात बॅटरी नसते. ते प्लॅस्टिकचे असते व बाहेरून त्यात काहीच दिसत नाही. आत बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि तिळाएवढी एक चिप असते. रीडरमध्येही असेच एक वेटोळे असते आणि त्यातून सतत उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडलेला असतो. स्वस्त रीडरमध्ये हा प्रवाह सेकंदाला १,२५,००० वेळा, म्हणजे १२५ किलोहर्ट्झ या गतीने, दिशा बदलण्याचे आवर्तन पूर्ण करतो. मेट्रोच्या कार्डाच्या जातीत ही गती १३.५६ मेगाहर्ट्झ असते. ट्रान्सफॉर्मरमध्ये एका वेटोळ्यातील प्रवाहामुळे शेजारच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे विज्ञानाच्या पुस्तकात आपण वाचलेले असते. येथेही तेच घडते. कार्ड रीडरच्या जवळ आले, की त्याच्या वेटोळ्यात किंचित वीज उत्पन्न होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होते.

पुढची युक्ती अधिक चतुर आहे. चिपला स्वतःचा संदेश दूरवर पाठविण्याइतकी शक्ती नसते. म्हणून ती आपल्या वेटोळ्यावरील भार झपाट्याने वाढवते आणि कमी करते. भार वाढला, की रीडरच्या वेटोळ्यातील दाब किंचित उतरतो. भार कमी झाला, की तो पूर्ववत होतो. या चढउताराच्या लयीतून रीडर शून्य आणि एक असे अंक वाचतो. एखाद्याने आपल्या हाताला धरलेल्या दोरीचे दुसरे टोक पकडावे आणि ती अधूनमधून ओढून इशारा करावा, तसाच हा प्रकार. इशारा करणाऱ्याला वेगळा आवाज काढावा लागत नाही.

१२५ किलोहर्ट्झच्या सर्वसाधारण कार्डात ६४ अंकांची मालिका असते. त्यांपैकी ४० अंकांत कार्डाचा क्रमांक असतो; उरलेले अंक मालिकेचा आरंभ दाखविण्यासाठी व वाचनातील चूक पकडण्यासाठी असतात. कार्ड जोपर्यंत रीडरपाशी आहे, तोपर्यंत ते हीच मालिका पुनःपुन्हा म्हणत राहते.

हे अंतर फार थोडे असते, बहुधा पाच ते दहा सेंटीमीटर. रीडर लोखंडी पत्र्यावर बसवला तर तेही राहत नाही. पत्र्यात निर्माण होणारे भोवरप्रवाह रीडरची शक्ती खाऊन टाकतात. शटरच्या लोखंडी चौकटीवर रीडर ठोकून मग ‘कार्ड लागत नाही’ अशी तक्रार करणारे पुष्कळ असतात. रीडर विटांच्या भिंतीवर बसवावा; चौकटीवरच बसवणे भाग असेल, तर मध्ये लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा जाड ठोकळा घालावा. फास्टॅगचे गणित निराळे आहे. तो ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढील लहरींवर चालतो आणि काही मीटर अंतरावरूनही वाचता येतो.

या कार्डाच्या जन्माशी दाराचाच संबंध आहे. चार्ल्स वॉल्टन हे अमेरिकन अभियंते १९७० मध्ये आयबीएममधील नोकरी सोडून स्वतःच्या उद्योगात उतरले. १९७३ मध्ये त्यांना अशा कार्डाचे पेटंट मिळाले. श्लेग या कुलपे बनविणाऱ्या कंपनीने त्यांची कल्पना उचलून धरली आणि किल्लीवाचून उघडणारे दार प्रत्यक्षात आले. कुलूप बनविणाऱ्यानेच किल्लीला पर्याय द्यावा, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

पाठगत प्रश्न १ : कार्डात बॅटरी नसताना त्यातील चिपला वीज कोठून मिळते? रीडर लोखंडी पत्र्यावर बसवल्यास काय होते?

बटणाच्या दोन तारा

आता दाराकडे वळू. नियंत्रण पेटीत दोन पेच असे असतात, की त्यांच्यापासून निघालेल्या तारा भिंतीवरील बटणाकडे जातात. बटण दाबले की या दोन तारा क्षणभर एकमेकींना भिडतात. पेटी ती आज्ञा समजते आणि मोटर सुरू करते. बटणातून बाहेरची वीज पेटीत जात नाही. दोन तारा भिडणे, हीच काय ती आज्ञा.

रीडरच्या जोडणीचे सगळे मर्म येथे आहे. कार्ड ओळखल्यावर कोणीतरी या दोन तारा क्षणभर भिडवायच्या. हे काम रिले करतो. रिले म्हणजे विजेने हलणारा खटका. त्याला तीन टोके असतात : एक सामाईक, दुसरे एरवी सुटे असलेले आणि तिसरे एरवी जोडलेले. सामाईक आणि एरवी सुटे अशी दोन टोके घेऊन ती बटणाच्या दोन पेचांना समांतर जोडावीत. जुने बटण काढण्याची गरज नाही. ते आपले काम करत राहते. तिसरे टोक रिकामे ठेवावे. ते चुकून वापरले, तर बटण सदैव दाबलेले आहे अशी पेटीची समजूत होते.

रिले किती वेळ भिडलेला राहावा, हे नियंत्रकात ठरवता येते. विजेच्या कुलपांसाठी हा काळ बहुधा पाच सेकंद ठेवलेला असतो. दाराच्या मोटरला एवढा वेळ नको. अर्धा ते एक सेकंद पुरे. दुसरी काळजी अशी, की रीडरला लागणारे १२ व्होल्ट बटणाच्या पेचांपर्यंत पोचता कामा नयेत. रिलेची टोके कोरडी असली पाहिजेत, म्हणजे त्यांवर स्वतःची वीज नसली पाहिजे. जोडण्यापूर्वी मल्टीमीटर लावून हे पाहून घेणे हा दोन मिनिटांचा उद्योग आहे. तो टाळल्यामुळे निकामी झालेली पेटी मात्र हजारो रुपयांची असते.

निर्णय भिंतीच्या कोणत्या बाजूला?

चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दाटी आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड ज्याने पाहिला असेल त्याला तेथे परके वाटणार नाही. अशा बाजारात ‘सर्व काही एकात’ असलेली पेटी सहज मिळते. तिच्यातच रीडर, तिच्यातच कार्डांची यादी आणि तिच्यातच रिले. ती घराबाहेर भिंतीवर बसवायची, दोन तारा आत न्यायच्या, आणि काम झाले. स्वस्त आणि सोपे.

समजा, बेझंट नगरमधील एका घरी अशी पेटी बसवली आहे. पेटी दोन स्क्रूंवर उभी आहे. रात्री कोणी पेचकस घेऊन आला, पेटी उतरवली आणि मागच्या तारांपैकी रिलेच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या, तर दार उघडेल. त्याला कार्ड नको, क्रमांक नको, विद्याही नको. घरमालकाने बटणच रस्त्यावर नेऊन ठेवले होते. केवळ त्यावर एक शोभेचे झाकण घातले होते.

म्हणून ओळख वाचणारा रीडर बाहेर आणि निर्णय घेणारा नियंत्रक आत, ही विभागणी करावी. बाहेरच्या रीडरने फक्त क्रमांक वाचून आत कळवायचा. यादी आत, रिले आत, बटणाच्या तारा आत. बाहेरची पेटी कोणी फोडली तरी त्याच्या हाती दार उघडणारी तार लागत नाही. खर्च काहीसा वाढतो. परंतु या खर्चात काटकसर करण्यापेक्षा जुने कुलूपच बरे.

रीडरकडून आत येणाऱ्या तारा साधारणपणे चार : लाल तार १२ व्होल्टची धन, काळी ऋण, हिरवी आणि पांढरी क्रमांक वाहून नेणाऱ्या. या पद्धतीला वीगंड असे नाव आहे. जॉन वीगंड या संशोधकाने शोधलेल्या विशिष्ट चुंबकीय तारेची कार्डे पूर्वी प्रचारात होती. ती कार्डे जवळजवळ नाहीशी झाली, पण त्यांच्यासाठी आखलेली जोडणी टिकून राहिली. हिरव्या व पांढऱ्या दोन्ही तारांवर एरवी ५ व्होल्टचा दाब असतो. शून्य कळवायचे असल्यास हिरव्या तारेवरील दाब क्षणभर खाली येतो, एक कळवायचा असल्यास पांढऱ्या तारेवरील. असे २६ ठोके मिळून एक कार्ड होते. पहिला व शेवटचा ठोका तपासणीचा. मधल्या २४ पैकी ८ गटाचा क्रमांक सांगतात व १६ कार्डाचा. त्यामुळे एका गटात ६५,५३६ निरनिराळे क्रमांक बसतात.

ही माहिती दोष शोधताना उपयोगी पडते. हिरवी व पांढरी तार उलट लागली, तर प्रत्येक शून्याचा एक व एकाचे शून्य होते. रीडर टिक् असा आवाज करतो, दिवाही लागतो, पण तपासणीचे ठोके जुळत नाहीत व नियंत्रक कार्ड नाकारतो. नवशिका माणूस अशा वेळी कार्ड खराब म्हणून फेकून देतो. दुसरा नेहमीचा दोष ऋण तारेचा असतो. रीडर एका अडॅप्टरवर आणि नियंत्रक दुसऱ्यावर चालत असेल, तर दोहोंच्या ऋण तारा एकत्र जोडाव्या लागतात. अन्यथा ५ व्होल्ट कशाच्या तुलनेत मोजायचे हे नियंत्रकाला ठरवता येत नाही.

परवलीचा शब्द

रिले आत नेला, तरी आणखी एक वाट उघडी राहते. १२५ किलोहर्ट्झचे कार्ड विचारणाऱ्या कोणालाही आपला क्रमांक सांगते. जुन्या काळी गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारत. रोज तोच शब्द ठेवला आणि तोही मोठ्याने उच्चारला, तर झाडाआड उभ्या असलेल्या शत्रूला तो सहज पाठ होईल. या कार्डाची स्थिती अशीच आहे. हातातल्या छोट्या यंत्राने त्याचा क्रमांक क्षणात वाचता येतो व कोऱ्या कार्डावर उतरवता येतो.

गुप्त किल्ली वापरणारी कार्डे याहून चांगली; पण त्यांतही डावे-उजवे आहे. १९९४ पासून बाजारात असलेल्या मायफेअर क्लासिक या कार्डावर लंडनच्या वाहतूक व्यवस्थेसह जगातील अनेक संस्था विसंबून होत्या. त्याची गुप्त पद्धती निर्मात्यांनी जाहीर केली नव्हती. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिन येथील एका परिषदेत संशोधकांनी ती बव्हंशी उलगडून दाखवली. २००८ मध्ये नेदरलँड्समधील नायमेगन येथील रॅडबाउड विद्यापीठातील अभ्यासकांनी तिचा कच्चेपणा सिद्ध केला. निर्मात्या कंपनीने हे संशोधन प्रसिद्ध होऊ नये म्हणून न्यायालयात धाव घेतली. जुलै २००८ मध्ये डच न्यायालयाने प्रसिद्धीला अनुमती दिली. कार्डाचा कच्चेपणा झाकून ठेवल्याने घरमालक सुरक्षित होत नाही, फक्त अज्ञानात राहतो. या दृष्टीने तो निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

नंतरच्या कार्डांत प्रश्नोत्तराची रीत मजबूत गणितावर बांधलेली आहे. रीडर प्रत्येक वेळी नवा, यादृच्छिक अंक पाठवतो. कार्ड तो अंक आपल्याजवळच्या गुप्त किल्लीशी विशिष्ट गणिताने मिसळून उत्तर देते. गुप्त किल्ली स्वतः कधीच उच्चारली जात नाही, आणि आजचे उत्तर चोरून ऐकणाऱ्याला उद्या त्याचा उपयोग होत नाही. दारासाठी कार्ड घेताना दुकानदाराला ही गोष्ट अवश्य विचारावी. रीडर व नियंत्रक यांच्यामधील तारांवरही, वीगंडऐवजी ओएसडीपी ही नवी पद्धत वापरल्यास, क्रमांक सांकेतिक रूपात पाठवता येतो. २०२० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

कार्ड हरवले, तर कुलूप बदलावे लागत नाही. यादीतून तो क्रमांक काढला की पुरे. परंतु कोणता क्रमांक कोणाकडे आहे, हे वहीत लिहून ठेवलेले असेल तरच हे शक्य होते. गाडी चालवणारा, घरकाम करणारी बाई, पाहुणे, प्रत्येकाला वेगळे कार्ड द्यावे. नियंत्रक येण्याजाण्याच्या वेळाही नोंदवत असेल, तर तसे त्या माणसांना सांगणे हे साधे सौजन्य आहे.

पाठगत प्रश्न २ : रिले घराच्या आत का असावा? कार्डाने ‘गुप्त किल्ली न उच्चारता’ ओळख पटवणे म्हणजे काय?

वीज गेली, पाणी आले

दार जड असते आणि ते खाली येताना पाहत नाही. अमेरिकेत अशा दारांखाली सापडून लहान मुले दगावल्यानंतर कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून तेथे तयार होणाऱ्या घरगुती मोटरला आड आलेली वस्तू ओळखून उलट फिरण्याची सोय बंधनकारक झाली. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सुमारे १५ सेंटीमीटरवर, प्रकाशकिरणाचे डोळे बसवतात. किरण तुटला की खाली येणारे दार परत वर जाते. आपल्याकडील साध्या शटरांना ही सोय बहुधा नसते. शिवाय अनेक नियंत्रण पेट्यांत एकच बटण उघडण्याचे, थांबवण्याचे आणि बंद करण्याचे काम आळीपाळीने करते. म्हणजे घाईत कार्ड दोनदा दाखवले, तर वर निघालेले दार मध्येच थांबेल किंवा खाली येऊ लागेल. म्हणून कार्डाला केवळ ‘उघड’ एवढीच आज्ञा देता येईल, अशी जोडणी करावी. उघडण्याचे व बंद करण्याचे पेच वेगळे असलेली पेटी मिळते. बंद करण्याचे बटण दार समोर दिसेल अशा जागी, आत ठेवावे.

चेन्नईला समुद्र जवळ आहे आणि वर्षातील मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. खारट हवेने तांब्याच्या उघड्या टोकांवर हिरवट थर धरतो व जोड सैल होतात. टोकांना कथिलाचा डाख द्यावा, रीडर पूर्ण बंदिस्त घ्यावा आणि तार पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा. मग तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते, आत शिरत नाही.

डिसेंबर २०१५ च्या महापुरात अड्यार नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले, आणि शहराच्या अनेक भागांत वीज नव्हती. पुढच्याच वर्षी १२ डिसेंबरला वर्दा चक्रीवादळाने झाडे व विजेचे खांब पाडले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पावसाने शहर पुन्हा पाण्याखाली गेले. अशा रात्री कार्ड, रीडर आणि मोटर ही तिन्ही निरुपयोगी ठरतात. पाणी चढत असताना गाडी बाहेर काढायची असते, किंवा आत कोणी असते. या प्रसंगासाठी शटरला हाताने ओढायची साखळी असते. छताखाली सरकणाऱ्या दाराला मोटरपासून सोडवणारी दोरी असते. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने ती एकदा तरी स्वतः ओढून पाहिलेली असावी. गॅरेजला दुसरे दार नसेल, तर ही दोरी आतच अडकून पडते. त्यासाठी बाहेरून किल्लीने मोटर सोडवण्याची सोय करून घ्यावी लागते. ही किल्ली मात्र जुन्या पद्धतीची, दात्यांचीच असते. अडॅप्टर, बॅटरी आणि नियंत्रक जमिनीलगत न ठेवता छातीच्या उंचीवर बसवावेत. पूर्वी पाणी कोठवर आले होते याची खूण भिंतीवर असेल, तर तिच्याही वर.

पाठान्त प्रश्न

१. ‘घरमालकाने बटणच रस्त्यावर नेऊन ठेवले होते’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. कार्ड दाखवल्यावर रीडरचा आवाज येतो, पण दार उघडत नाही. कोणकोणत्या जोडण्या तपासाल?
३. ‘परवलीचा शब्द’ आणि ‘डावे-उजवे असणे’ यांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
४. उपक्रम : आपल्या परिसरातील विजेवर चालणारे एखादे शटर किंवा फाटक पाहा. वीज गेल्यावर ते कसे उघडतात, हे तेथील माणसाला विचारून आठ-दहा ओळींत लिहा.